चार आकडे आणि एक कच्चा बटाटा

मी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं कुलूप बोलतोय. मला किल्ली नाही. पोटावर आकड्यांच्या चार चकत्या आहेत. त्या जुळल्या की उघडतो, एरवी हत्तीने ओढलं तरी नाही.

मला आणलं घरच्या मालकांनी. ते कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीचे रखवालदार. कामगारांच्या पिशव्या तपासून तपासून त्यांना सगळं जगच संशयित दिसू लागलं होतं. सकाळी घरी येऊन ते झोपत, बायको बालवाडीत शिकवायला जाई, आणि दुपारपर्यंत कपाटातली बिस्किटं गायब. घरात तिसरं माणूस एकच, नोकरी शोधायला आलेला बायकोचा भाऊ, म्हणजे मालकांचा मेव्हणा.

"मी कुणाचं नाव घेत नाही," मला लावताना मालक म्हणाले, "पण आकडा फक्त मलाच ठाऊक राहील." आणि मेव्हण्याकडे बघत राहिले.

दुसऱ्याच दिवशी अकराच्या सुमारास, मेव्हणा नोकरीच्या शोधात बाहेर पडल्यावर, मालक अंथरुणातून उठून आले. डोळे उघडे, घोरणं मात्र चालूच! आकडे बिनचूक फिरवले, अर्धा डबा बिस्किटं फस्त केली, वर मीठ लावून एक कच्चा बटाटा खाल्ला. मग मला नीट लावून परत जाऊन डाराडूर झोपले.

दोन वाजता उठून हेच गृहस्थ ओरडले, "कुलूप लावूनही चोरी? काय हातचलाखी आहे!"

चोर आणि पहारेकरी एकाच पायजम्यात, हे मी सांगणार कुणाला? रोज तेच चाललं. मेव्हणा जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेईनासा झाला. त्याच्याकडे बघून मला फार वाईट वाटे.

शेवटी एका बुधवारी त्याने बॅग भरली आणि मित्राची खोली बघायला गेला. अकराच्या सुमारास तो बॅग न्यायला आणि त्याची ताई, म्हणजे मालकांची बायको, बालवाडीतून त्याला अडवायला, अशी दोघं एकदमच घरात शिरली. समोर मालक! तोंडात बटाटा, नजर शून्यात, आणि पायजम्याची नाडी माझ्या बंद कडीत अडकलेली.

"अहो!" ताई किंचाळली.

मालक दचकून जागे झाले. मागे सरावं तर पायजमा येईना, पुढे यावं तर लाज. घाबरून आकडाच विसरले. "सात, एक... नाही, एक, सात..."

मेव्हणा खाली बसला, त्याने शांतपणे चकत्या फिरवल्या. मी उघडलो.

"तुला आकडा माहीत होता?"

"पहिल्या दिवसापासून, भाऊजी. फिरवताना तुम्ही मोठ्यांदा म्हणता."

"मग कधी उघडलं कसं नाहीस?"

"भूक लागली तर ताईकडे मागेन ना."

मालकांनी एका हाताने पायजमा सावरला, दुसऱ्याने मेव्हण्याची बॅग धरली. "चुकलो रे मी. जाऊ नकोस." बोलणं जरा बोबडं वाटलं, ते बटाट्यामुळे असेल.

डॉक्टर म्हणाले, झोपेत चालण्या-खाण्याचा हा आजारच आहे, औषध घ्या आणि दिवसपाळी मागा. कपाट आता उघडंच असतं. मेव्हण्याची रिकामी बॅग माळ्यावर आहे आणि तिच्यावर मला लावलंय. नवा आकडा ताईने ठरवला आणि कुणालाच सांगितला नाही.

माझ्या चकत्या गंजल्या तरी चालतील. एवढंच मागणं आहे, मला उघडू नका.