शुक्रवारचा रस्सा

पाव उभा चिरून मरिसाने आतला मऊ गर बोटांनी उपसून काढला. तळाला बोटभर जाडी ठेवायची, ही आईची शिकवण. कवच पातळ झालं की रस्सा झिरपतो आणि ओव्हनमधून लगदा बाहेर येतो. मग लोण्यात ठेचलेला लसूण आणि चिरलेली पार्सली कालवून तिने ते पावाच्या दोन्ही अंगांना आतून सढळ हाताने माखलं आणि पाव रिकामाच ओव्हनमध्ये सरकवला. आधी आतून जरा कडक झाला, तरच तो पास्त्याचं वजन पेलतो.

हात सराईतपणे चालले होते, नजर मात्र सारखी घड्याळाकडे जात होती. दुपारी डिनो येणार होता.

डिनो तिचा थोरला भाऊ. आई गेल्यापासून पपांचं जेवण तुटलं होतं. पपा म्हणजे पेप्पिनो, एके काळचे नावाजलेले गवंडी. अमेरिकेतल्या क्रॅन्स्टन गावातल्या कितीतरी इटालियन घरांच्या पायऱ्या त्यांच्या हातच्या. आता ताटातलं चिवडायचे आणि ताट सरकवून खिडकीबाहेर बघत बसायचे. डॉक्टरांनी त्यांचं वजन बघून मान हलवली आणि डिनोने वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली. आज दुपारपर्यंत होकार द्यायचा, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार. मरिसाने फार गळ घातली, तेव्हा तो एवढंच कबूल झाला की मी येतो, माझ्यासमोर ते पोटभर जेवले तर बघू. शिवाय डोकं ठिकाणावर दिसलं पाहिजे, हेही त्याने वर जोडलं. फ्रीझरचं दार दोनदा सताड उघडं सापडलं होतं आणि खाली पाण्याचं तळं. डिनोच्या मते माणूस हातचा जातो त्याची सुरुवात अशीच होते.

डिनो दुष्ट नव्हता, हे सांगायला हवं. तो घाबरला होता. घाबरला की तो सगळ्या गोष्टी रांगेत लावायला लागायचा, लहानपणापासूनच.

पपांना आयुष्यभर एकाच खाण्याची चटक. रविवारचा उरलेला पास्ता आई सोमवारी लसणाच्या पावात भरून भाजायची आणि फॉइलमध्ये गुंडाळून त्यांच्या डब्यात द्यायची. कामावर डबा उघडला की बाकीचे गवंडी आपापलं खाणं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे म्हणे. तेच करायचं मरिसाने ठरवलं. आदल्या संध्याकाळी तिने फ्रीझरच्या तळातून डबा काढला. आईच्या हातचा रविवारचा रस्सा, घरात उरलेला शेवटचा. पपांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते.

पास्ता जरा कच्चाच असताना उपसून तिने गरम रश्शात टाकला आणि ढवळला. डावाला काहीतरी टणक लागलं. वर काढलं तर बरगडीचं हाड. डुकराचं.

मरिसाचा हात तिथेच थांबला. आज वार कोणता? शुक्रवार. आणि ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस चालू होते.

या दिवसांतल्या शुक्रवारी पपांनी मांसाला कधी बोट लावलं नव्हतं. एकदा कामावर कुणीतरी चुकून हॅमचा पाव हातात दिला, तर त्यांनी तो कुत्र्याला घातला आणि कुत्र्यालाही शुक्रवारी पापात ओढलं म्हणून त्याची माफी मागितली. आणि हा रस्सा तर हाडांवरच तासन्‌तास शिजलेला. हाड काढून काय होणार?

दुसरं काही करायला वेळ नव्हता. अंगणात डिनोच्या गाडीचं दार वाजलं. तिने हाड केराच्या डब्यात लसणाच्या सालांखाली दडपलं, पास्ता पावात ठासून भरला, वर प्रोव्होलोन चीजचे काप आणि मोझ्झारेला घातलं, पाव मिटला, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळला आणि ओव्हनचं दार लावलं. हे सगळं तिने चोरासारखं केलं, स्वतःच्या आईच्या स्वयंपाकघरात.

डिनो आत आला, बहिणीच्या गालाला गाल लावला आणि पपांकडे बघतच राहिला. पपा टेबलाशी बसले होते. दाढी घोटलेली, पांढरा शर्ट, गळ्यात लाल टाय. सकाळीच असे नटून ते स्वयंपाकघरात आले होते. कुठे जायचंय का, असं मरिसाने लसूण सोलता सोलता विचारलं होतं. ते नाही म्हणाले होते आणि कशाची तरी वाट बघत असल्यासारखे उभे राहिले होते. तिला तेव्हा वर बघायलाही सवड नव्हती.

डिनोने तिला सिंकपाशी ओढलं. "टाय कशाला घातलाय त्यांनी?"

"हौस. तुझ्यासाठी असेल."

"माझ्यासाठी त्यांनी कधी बूट घातले नाहीत." मग त्याचं नाक फुललं. "हा आईचा रस्सा आहे. मरिसा, आज शुक्रवार आहे."

त्याला उत्तर तिच्या तोंडावरच मिळालं.

"मग आता तूच बघ," तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हेच वाईट होतं. "नाही खाल्लं तर उपाशी. खाल्लं तर वाराचं भान गेलं. मी तरी काय करू?"

मरिसाने फॉइल उघडून पाव वरून भाजायला पुन्हा आत ठेवला. ओव्हनच्या काचेतून कवच तांबूस होताना दिसत होतं, कडेने चीज बुडबुडत होतं, लसणाचा वास घरभर सुटला होता. पपांनी वास घेतला. मान वर झाली, डोळ्यांत कित्येक आठवड्यांनी जीव आला. ते खाणार होते. मुकाट्याने वाढलं तर नक्की खाणार होते. डिनोलाही काहीबाही सांगून पटवता आलं असतं, हाडं नव्हतीच म्हणून शपथ घेता आली असती.

तिने पाव बाहेर काढला, थोडा निवू दिला, जाड तुकडे कापले आणि एक पपांपुढे ठेवला. चीजची तार ताटापर्यंत लांबली. पपांनी तुकडा हातात उचलला, कामावर खायचे तसाच, दोन्ही कोपरं टेबलावर रोवून.

तिला ते बघवेना.

"पपा, थांबा," ती म्हणाली. "यात मांस आहे. आईचा रविवारचा रस्सा आहे. आज शुक्रवार आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

डिनोने डोळे मिटले. झालं, खोली पक्की झाली, असं मरिसाच्या मनात आलं.

पपांनी तुकडा खाली ठेवला नाही. ते तिच्याकडे बघत राहिले.

"तारीख कोणती?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस," डिनो म्हणाला. "मार्चची." आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला.

"संत ज्युसेप्पेचा दिवस. शुक्रवारी आला तर त्या दिवशी मांस चालतं. सुट्टी खुद्द चर्चने दिलीय, मी नाही घेतली. आणि पेप्पिनो हे लाडाचं झालं, माझं बाप्तिस्म्याचं नाव काय रे, डिनो?"

"ज्युसेप्पे," डिनो पुटपुटला.

"तुमच्या आईने माझ्या नावाचा दिवस कधी चुकवला नाही. सकाळीच लाल टाय काढून ठेवायची. आज मीच काढला." त्यांनी मरिसाकडे मान वळवली. "रोज सकाळी फ्रीझर उघडून तो डबा बघतो मी. बघत बसलं की दार लावायचं राहतं. आज डबा जागेवर नव्हता. म्हटलं, पोरीला तरी आठवलं."

मरिसाला कुठे बघावं कळेना. ते रागावले असते तर परवडलं असतं, असं तिला वाटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"माफ करा, पपा."

"या दिवसाची गोड झेप्पोलेसुद्धा आणली नाहीत कुणी," ते कुरकुरले. "बेकरीसमोर गल्लीभर रांग असेल आज. तिच्या शेजारून गाडी चालवत आला असशील तू. आणि डोकं माझं तपासताय." मग आवाज उतरला. "हा शेवटचा ना गं?"

"शेवटचा."

त्यांनी डोळे मिटून पहिला घास घेतला. कवच कुरकुरलं, रस्सा मनगटावर ओघळला. त्यांनी तो चाटून घेतला, मग दुसरा घास, तिसरा. तुकडा संपला तेव्हा त्यांनी ताट पुढे केलं आणि मरिसाने दुसरा वाढला.

डिनोच्या खिशातला फोन वाजला. त्याने नंबर बघितला आणि तसाच बसून राहिला. वृद्धाश्रमाचा असावा.

"घे ना," पपा भरल्या तोंडाने म्हणाले. "सांग त्यांना, म्हातारा जेवतोय. नंतर करा म्हणावं."

डिनोने फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला. मग त्याने स्वतःसाठी ताट घेतलं आणि बापाशेजारी खुर्ची ओढली.