उरलेली नव्व्याण्णव

सांगलीत मिशनच्या दवाखान्यात थुंकी तपासायचं काम एस्तेर वायदंडे करायची. बी.एस्सी. झालेली, बोलणं बेताचं, अक्षर मोत्यासारखं. काचपट्टीवर निळ्या रंगात बारीक लाल काड्या दिसल्या की क्षयाचे जंतू आहेत. दिसल्या नाहीत तर पट्टी सरकवत शंभर जागा बघायच्या आणि मगच ‘नाहीत’ लिहायचं. न बघितलेलं लिहायचं नाही, हा तिचा नेम.

दवाखान्याचा एक रिवाज मात्र तिला जड जायचा. रिपोर्टाबरोबर प्रत्येकाला एक रंगीत कार्ड द्यायचं. पुढं चित्र, मागं येशूनं सांगितलेली एखादी गोष्ट. देता देता दोन शब्द बोलावेत, अशी अपेक्षा. एस्तेरचे वडील आकाराम वायदंडे साताऱ्याकडं उभा जन्म सायकलवरून गावोगाव हेच सांगत फिरले होते. पोरं त्यांच्या मागं टवाळी करत पळायची ते तिनं लहानपणी पाहिलं होतं. प्रार्थना केल्याशिवाय ती झोपत नसे, पण चारचौघांत देवाचं नाव काढायला जीभ रेटायची नाही. कार्ड ती पाकिटात सरकवायची आणि पुढचं नाव पुकारायची.

पंच्याहत्तर सालच्या पौषात मनुबाई आली. जतकडची धनगरीण, पन्नाशीची, हाडं वर आलेली. दिवाळीनंतर त्यांची मेंढरं कृष्णाकाठी उतरायची आणि खतासाठी शेतकरी ती आपल्या रानात बसवून घ्यायचे. यंदा त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, नांद्र्याला, रायगोंडा पाटलांच्या मळ्यात पडला होता. काचपट्टीवर लाल काड्याच काड्या होत्या. एस्तेरनं औषध कसं घ्यायचं ते समजावून पाकीट दिलं. मनुबाईनं तिथंच उभ्या उभ्या कार्ड बाहेर ओढलं आणि उजेडाकडं धरलं.

“बाई, ह्ये मेंढरू कुठलं वो?”

“चित्रातलं आहे.”

“ते दिसतंय की. येवढी लोकर? ह्येच्या मुलखाला थंडी लय असनार.” रांगेतले दोघं-तिघं हसले. “आन् गड्यानं मानेवर घेतलंय म्हंजे लंगडं हाय. चालतं मेंढरू कोन उचलतंय? मागं काय लिवलंय?”

आता वाचणं भाग होतं. एस्तेरनं खालच्या आवाजात सुरुवात केली. एका माणसाची शंभर मेंढरं होती. एक हरवलं. बाकीची रानात ठेवून तो त्याला शोधायला गेला.

“थांबा थांबा,” मनुबाई म्हणाली. “मग बाकीच्यांपाशी कोन हुतं?”

एस्तेरनं कार्ड पुन्हा वाचलं. त्यात ते नव्हतं. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेल्या गोष्टीत हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. रांग कान देऊन ऐकत होती.

“पुढच्या खेपेला सांगते,” ती म्हणाली. गोष्ट तिथंच राहिली.

त्या रात्री तिनं वडिलांना पत्र टाकलं. आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. ‘ते पुस्तकात दिलेलं नाही. चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही. मेंढरं तिची आहेत, तिलाच विचार. आणि गोष्ट पुरी सांग.’

माघात मनुबाई आली तेव्हा पोस्टकार्ड एस्तेरच्या खिशात होतं. काड्या कमी झाल्या होत्या.

“घावलं का उत्तर?”

मला माहीत नाही, तुम्हीच सांगा, एवढंच म्हणायचं होतं. पण मागं तीस माणसं उभी होती, शेजारच्या टेबलावर नवा डॉक्टर बसला होता. “आज गर्दी आहे, मनुबाई.”

“असू द्या. आमी काय, चैतापातूर हितंच हाय.”

चैत्रात एस्तेरनं शंभर जागा बघितल्या, मग आणखी पन्नास. एकही काडी नाही. तिला इतका आनंद झाला की ती टेबलामागून उठून बाहेर आली.

“जंतू गेले. पण औषध अजून वर्षभर सोडायचं नाही. ते आता जतला सरकारी दवाखान्यात मिळेल, ही चिठ्ठी दाखवा. इथं यायची गरज नाही.”

मनुबाईनं चिठ्ठी पदरात बांधली, पण ती हलली नाही. “आन् ते?”

“कोणतं?” एस्तेरनं विचारलं. कोणतं ते तिला पक्कं माहीत होतं.

मनुबाईनं पदराची गाठ आवळली. “काय न्हाई. जाती.”

एस्तेरनं पुढचं नाव पुकारलं.

दोन आठवडे ते ‘काय न्हाई’ तिच्या कानातून गेलं नाही. तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर देवळातून ती थेट एस.टी. स्टँडवर गेली आणि नांद्र्याला उतरली. रायगोंडा पाटलांच्या मळ्यात लेंड्यांचा थर आणि मेंढरांभोवती जाळ्या बांधायला रोवलेल्या खुंट्यांची भोकं तेवढी उरली होती. खळ्यावर पाटलांची बायको चंदनबाला वाळलेली हळद निवडत होती.

“मनुबाई? परवाच हालला की वाडा. दवाखान्यातल्या बाई तुमीच का?” तिनं गोठ्याच्या लाकडी मेढीकडं बोट केलं. तिथं कार्ड चिकटवलेलं होतं. “आमच्या पोरींसाठी ठेवून गेली. दिवस बुडायच्या आत आमची जैनांची जेवनं उरकली की येऊन बसायची आन् ह्येची गोष्ट सांगायची. लय रंगवून. पर निम्मीच. फुडचं बाई सांगनार हाय म्हनायची.”

एस्तेर खळ्याच्या कडेला टेकली. “काकू, एक मेंढरू हरवलं तर बाकीची कुणापाशी ठेवतात?”

“कुनापाशी म्हंजे? वाड्यात चार घरं असत्यात. एक जन शोधाय जातंय, बाकीचे राखत्यात.” चंदनबालाचा हात थांबला. “तिच्या वाड्यात दुष्काळाच्या साली कोनच न्हवतं. नवरा मेलेला, बाकीची घरं पांगलेली. थोरली लेक खडी फोडाय म्हनून रस्त्याच्या कामावर गेली, ती परत आली न्हाई. ही शोधाय गेली न्हाई. मेंढरं कुनाच्या जिवावर सोडायची? त्येच धरून बसलीया अजून.”

एस्तेरनं मेढीवरच्या कार्डाकडं बघितलं. तिनं त्या प्रश्नाकडं एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

“आता आलायसा तर सांगा की,” चंदनबाला म्हणाली. “घावलं का त्येचं मेंढरू?”

मग एस्तेरनं सांगितलं. इथं रांग नव्हती. सापडेपर्यंत तो शोधतच राहिला. खांद्यावर घेऊन घरी आला, शेजारीपाजारी गोळा केले, माझ्याबरोबर आनंद करा म्हणाला. देव तसा आहे, असं येशू म्हणाला. आपण शोधायला जाऊ शकलो नाही तरी तो शोधत असतो, असं मी मानते. शेवटचं वाक्य कार्डावर नव्हतं. जीभ अडखळली नाही.

चंदनबालानं निवडलेली हळद सुपात ओढून घेतली.

“ह्ये तिला सांगाय पायजे हुतं, बाई.”

“होय,” एस्तेर म्हणाली. “त्या कुठं भेटतील?”

“आता? पाऊस पडंपातूर वाटंवरच. रोज नवं रान.”