फुलांना हात लावू नये

“तिरकी बांध रे, तिरकी! सगळी अशी ताठ उभी केलीस तर कुणालाही कळेल ना. जरा नॅचरल दिसू दे.”

मार्क तुस्कानो वाफ्याच्या टोकाशी उभा राहून ओरडत होता. मूळचा वसईचा, आता या फार्मचा मॅनेजर. एका हातात फोन, दुसऱ्या हातात कॉफी, आणि सल्ले द्यायला तोंड मोकळं. रामेश्वर गुडघ्यांवर बसून प्लॅस्टिकचं जांभळं फूल लॅव्हेंडरच्या कापलेल्या देठाला हिरव्या दोऱ्यानं बांधत होता. कालपासून तो हेच करत होता. पाठ मोडून गेली होती, आणि त्याहून जास्त डोकं फिरलं होतं.

“साहेब, नॅचरल होती तेव्हा कापायला लावलीत,” तो न राहवून म्हणाला.

“अरे, मी लावली का? मालक शेखनी ऑर्डर घेतली. हॉटेलचं वेडिंग होतं, त्यांना सगळा ब्लूम पाहिजे होता. आणि वीकेंडची तिकिटं आधीच विकलेली. मी काय करू, सांग. यल्ला, आटप, दहाला गेट ओपन करायचंय.”

शारजाहच्या आतल्या भागात, धैदच्या रस्त्यावर, वाळूत जाळी घालून आणि नळ्यांतून थेंब थेंब पाणी पाजून हा मळा उभा केला होता. सहा वर्षं रामेश्वर इथे होता. दर उन्हाळ्यात अर्धी झाडं मान टाकत, ती उपटून नवी लावायची, त्यांना तान्ह्या पोरासारखं जपायचं, आणि हिवाळा सरता सरता कधीतरी मळा जांभळा व्हायचा. यंदा तर असा फुलला होता की उंट वाहून नेणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हरही थांबून फोटो काढत. बुधवारी साहेबांचा हुकूम आला आणि रामेश्वरनं स्वतःच्या हातानं कात्री चालवली. गुरुवारी रोल्ल्याच्या बाजारातून खोक्यांनी प्लॅस्टिकची फुलं आली.

“रामेश्वर भाई, ये तो असलीसे अच्छा है,” पलीकडच्या वाफ्यातून मोहिद्दीन म्हणाला. “पानी भी नहीं मांगता.” त्याच्याकडे सुगंधाची बाटली दिली होती. तो फवारा मारत पुढे पुढे सरकत होता, आणि बाथरूम धुतल्यावर येतो तसा वास सगळीकडे सुटला होता.

“तू गप फवार,” रामेश्वर म्हणाला.

पण प्लॅस्टिकचा राग हा खरा राग नव्हता. अशी सोंगं त्यानं आखातात चौदा वर्षं पाहिली होती. खरी गोष्ट अशी की आज रुपाली येणार होती. त्याची बायको, चौदा वर्षांत पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचीच दुबईला आलेली. व्हिजिट व्हिसावर येऊन ती अल कुसैसला त्याच्या चुलतभावाकडे, राहुलकडे उतरली होती, आणि सोमवारी तिचं परतीचं विमान होतं. आल्या दिवसापासून ती एकच विचारत होती, “मळो कधी दाखवतास?” आणि हा शहाणा दर वेळी सांगत होता, थांब, अजून नीट फुललं नाही. अजून चार दिवस थांब. कळे फुटतायत, पुरतं फुलू दे, मग बघ. फुललं तेव्हा ती कुसैसच्या फ्लॅटमध्ये राहुलच्या बायकोबरोबर, ममताबरोबर, चपात्या लाटत होती. आता ती यायला निघाली होती आणि मळ्यात खरं फूल औषधालाही उरलं नव्हतं. दुसऱ्या कुणी हा घोळ घातला असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

बरं, फोनवर सांगून टाकावं, तर तेही झालं नाही. परवा त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, “हिरवी साडी इस्त्री करून ठेवलंय. फुलांत उठान दिसात मां?” आणि तो ‘दिसात’ म्हणून मोकळा झाला. वर मार्कनं सगळ्यांना दम दिला होता, हा मॅटर बाहेर गेला तर मी कुणाला वाचवू शकणार नाही, घरच्यांनाही सांगायचं नाही.

त्यानं शेवटचं फूल बांधलं आणि दोऱ्याची टोकं आत खोचली. गाठ मात्र सुरेख बसली होती. गावाला चतुर्थीत गणपतीवर माटवी बांधतात, नारळ, कवंडळं, आंब्याचे टाळ असं सगळं लाकडी चौकटीला टांगतात, तेव्हा घालायची ती गाठ. ओझं कितीही असो, सुटत नाही, आणि विसर्जनानंतर एक टोक ओढलं की झटक्यात मोकळी होते. हाताला दुसरी येतच नव्हती.

साडेदहाच्या सुमाराला राहुलची गाडी आली. आधी ममता उतरली, फोन हातात धरूनच. मग रुपाली. हिरवी साडी, पायात मोजे आणि सँडल, आणि घट्ट घातलेला अंबाडा, साधा, एकही फूल नसलेला. रुपालीला फुलाशिवाय अंबाडा म्हणजे अर्धवट काम वाटायचं.

“गजरो खय?” रामेश्वरनं विचारलं.

“ममतान करामाच्या बाजारातसून हाडलेलो, तो मी घालूक नाय.” तिनं पदराला अडकवलेली पिन दाखवली. “आज तुमच्या मळ्यातला फूल माळतलंय. कधीपासून ठरवलंय मी.”

“भावोजी, मी किती म्हटलं त्यांना,” ममता म्हणाली, “दहा दिरहमचा गजरा होता, अडीचशे रुपयांचा! ठेवला फ्रीजमध्ये. म्हणे आज नको.”

“फुलं तोडायची नाहीत इथं,” रामेश्वर घाईनं म्हणाला. “बोर्ड लावलाय तो बघ. दोनशे दिरहम दंड.”

“म्हणजे?”

“पाच हजार,” राहुलनं हिशेब सांगून टाकला.

“एका फुलाक पाच हजार?” रुपाली जागच्या जागी थांबली. “अहो, तुमी लावलास, तुमी वाढवलास, आणि तुमच्या बायलेक एक फूल गावूचा नाय? मगे ही फुलां लावतास कित्या?”

रामेश्वरनं तिला मळ्याकडे न नेता दुकानाकडे वळवलं. तिथं लॅव्हेंडरचे साबण, मेणबत्त्या, उशा, तेल असं काय काय मांडलं होतं आणि सगळ्यांवर ‘घरगुती’ असं इंग्रजीत लिहिलं होतं. रुपालीनं एक इवलीशी पुरचुंडी उचलली, किंमत ऐकली आणि सापाच्या अंगावर पाय पडल्यासारखी खाली ठेवली.

“असली मी धा करून ठेवलंय,” ती ममताला सांगू लागली. “हे सुट्येर येताना दरवर्षी सुको पालो आणि फुलां हाडतत. तांदळाच्या पिंपात घालतंय, टोके होयत नाय. माझ्या लग्नाच्या शालवाच्या घडयेत एक असा. खोबरेल तेलात कढयतंय, केसांक बरा. सासूच्या उशाखाली घातलंय तर म्हातारी म्हणता, माझ्या डोक्याखाली कसलो कचरो घातलंस?” ती हसली, मग जराशानं म्हणाली, “पिंपाचा झाकण काढला की वास येता, तेव्हा वाटता हे आताच येवन गेले.”

रामेश्वर साबणांकडे बघत राहिला. हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. फोनवर गॅस संपला, आईचं गुडघ्याचं औषध, पोराची फी एवढंच व्हायचं.

मग त्यानं तिला लॅव्हेंडरचा चहा पाजला. एक घोट घेऊन ती म्हणाली, “ओव्याचो काढो बरो.” मग तेल काढायचा पितळी बंब दाखवला, पाण्याची टाकी दाखवली, नळ्यांचे वॉल्व दाखवले. पंपाच्या खोलीपर्यंत नेल्यावर मात्र तिचा संयम सुटला.

“अहो, मी पंप बघूक विमानातसून इलंय? माका फुलां दाखवा.”

तेवढ्यात मार्क समोरून आला, पाहुण्यांसाठीचं हसू चेहऱ्यावर घेऊन. “अरे, वहिनी ना? वेलकम, वेलकम! फोटो काढला की नाही? रामेश्वर, वाफ्यात घेऊन जा ना त्यांना. मधली लाईन बेस्ट आहे.” आणि बायका पुढे गेल्यावर रामेश्वरच्या कानात कुजबुजला, “हात लावू देऊ नको हां, प्लीज.”

म्हणजे जा पण म्हणायचं आणि अडव पण म्हणायचं. रामेश्वरला त्या क्षणी मार्क, शेख, ते हॉटेल, ते लग्न आणि त्या लग्नातली नवरानवरी, सगळ्यांचाच भयंकर राग आला.

मधल्या ओळीत माणसं माणसांना खेटून फोटो काढत होती. कुणी पांढरे झगे घालून आलं होतं, कुणी टोपल्या घेऊन. लांबून मळा खरोखर सुंदर दिसत होता, आणि हेच त्याला सर्वांत झोंबत होतं. रुपाली वाटेच्या तोंडाशी उभी राहिली. डोळ्यांवर हाताची सावली धरून तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

“काय बरा दिसता हो,” ती हळूच म्हणाली.

त्याला वाटलं, आता इथंच मागं फिरावं. एवढंच बघून तिनं जावं. पण ती साडी सावरत आत शिरली, एका झाडापाशी थांबली आणि वाकली.

“गो, हात लावू नको,” तो म्हणाला.

तिनं हात लावला नाही. नाक मात्र पुढं नेलं. वास घेतला. थांबली. पुन्हा घेतला. मग तशीच वाकलेली राहून तिनं फक्त मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. रामेश्वरला तिच्या नजरेला नजर देता येईना. शेजारी एक बाई नवऱ्याला सांगत होती, अजून एक काढ, माझे डोळे मिटलेत.

“वास तो न्हय,” रुपाली पुटपुटली.

तिचा हात फुलांखाली गेला, खालच्या करड्या हिरव्या पाल्यात. तिनं दोन पानं बोटांत चुरडली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

“ह्यो. ह्यो तो.”

मग तिला दोरा दिसला. तिनं त्यावरून बोट फिरवलं, पलीकडच्या देठाचा पाहिला, त्याच्याही पलीकडचा पाहिला. जांभळ्या ओळीत शेवटपर्यंत तोच दोरा आणि तीच गाठ.

“माटवीची गाठ,” ती म्हणाली. “तुमचीच.”

“रुपाली, माका सांगूचा होता, पण...” सहा वर्षांचं काम दाखवायला आणलं आणि बायकोला प्लॅस्टिक दाखवलं, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

“खरी खय गेली?”

“दुबयत लग्न होता. हाटेलवाल्यांनी न्हेली.”

“कापली कोणी?”

“मीच.”

तिनं कापलेल्या देठाच्या टोकावर बोट टेकवलं. मग म्हणाली, “फुललेली मां बरी?”

“अगो, काय सांगू तुका!” तो एकदम बोलायला लागला. “हयसून थयपर्यंत जमीन दिसा नाय. माश्यांचो नुसतो घोंगाट. तेरड्याचो रंग कायच न्हय त्याच्यापुढे. मी रोज सकाळी बघी आणि म्हणी, आणखी दोन दिवस, आणखी दोन दिवस, मगे तुका हाडूया. माझीच चूक. तेव्हाच हाडूक होया होता.”

“मगे झाला,” ती म्हणाली. “फुललेली तर झाला.”

आणि तिनं दोऱ्याचं टोक धरून ओढलं. गाठ झटक्यात सुटली. प्लॅस्टिकचं फूल तिनं त्याच्या हातात दिलं, सहज, भाजीची पिशवी धरायला द्यावी तसं. त्याच झाडाची दुसरीही सोडली, तिसरीही सोडली. रामेश्वर घाबरून इकडे तिकडे बघत फुलं शर्टाच्या खिशात कोंबत राहिला. झाड उघडं पडलं, बुटकं, कात्रीनं सपाट केलेलं, पण बुडाशी कोवळे कोंब फुटलेले.

“अगो, दंड...”

“पाल्याक पण पाच हजार?” तिनं कोवळे शेंडे खुडले, एकत्र धरले आणि पिन दातांत घेऊन अंबाड्यात खोवू लागली. गावाला दवणा माळतात तसे. “नीट बसलो काय बघा.”

त्यानं पाहिलं. एक शेंडा कलला होता, तो त्यानं दोन बोटांनी सरळ केला. चौदा वर्षांत तिच्या केसांना त्याचा हात किती वेळा लागला असेल, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला गलबलून आलं.

“वहिनी, इकडे बघा ना,” ममता फोन रोखून ओरडली. “जरा सरका, ते झाड बोडकं आहे. फुलं येऊ देत मागे.”

“ह्याच झाड होया,” रुपाली म्हणाली आणि फोनकडे पाठ करून उभी राहिली. “केसातला दिसू दे.”

मार्क लांबून तरातरा येत होता. उघडं झाड त्यानं पाहिलं, रामेश्वरचा फुगलेला खिसा पाहिला आणि बोलायला तोंड उघडलं. मग त्याची नजर रुपालीच्या अंबाड्यावर गेली. वसईच्या वाडीत, फुलं माळणाऱ्या बायकांत वाढलेला माणूस. तो डोकं खाजवत उभा राहिला.

“एकच झाड ना?” त्यानं विचारलं. “ठीक आहे. एकाच्यावर नको.” आणि पाहुण्यांचं हसू पुन्हा चढवून पुढं गेला.

दुपारी ऊन चढायच्या आत राहुलला परतायचं होतं. गाडीत बसताना रुपाली म्हणाली, “जेवा वेळेर,” आणि काच वर गेली. सोमवारी विमानतळावर जायला त्याला सुट्टी नव्हती. म्हणजे हेच निरोपाचं. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून अंबाडा दिसला आणि त्यात खोवलेली करडी हिरवी टोकं. मग धूळ आली.

तो मधल्या ओळीत येऊन उभा राहिला. दिवसभराची ड्युटी होतीच, फुलांना कुणी हात लावत नाही ना ते बघायचं. उन्हानं दमलेली एक बाई उघड्या झाडापाशी थांबली.

“भैया, इस पौधेको क्या हुआ? सबमें फूल है, इसमें क्यों नहीं?”

“था, मॅडम,” रामेश्वर म्हणाला. “घरवाली ले गई.”

बाई हसली आणि पुढच्या झाडाकडे गेली. शर्टाच्या खिशातून वर आलेलं जांभळं प्लॅस्टिक त्यानं बोटानं आत ढकललं.