पाणी जाताना गप्प

लाँड्रीतल्या तीन नंबरच्या मशीनचा आवाज गोड होता. गायिकेइतका नाही, पण मशीनच्या मानाने गोडच. त्याच्या घरघरीत सूर लावून तिथे कामाला असलेली ती रोज रियाज करायची. कपडे भिजताना संथ, घुसळताना मध्यम, पिळताना द्रुत. पाणी जाताना मात्र नळीतून असा खळखळाट व्हायचा, की कोकिळेनेही तोंड मिटून घेतलं असतं. तेवढा वेळ ती गप्प राहायची आणि तिची लेक मशीनच्या खणात सुगंधी पाणी ओतायची.

"गाण्याने कपडे वाळत नाहीत, ताई," लाँड्रीवाले काका म्हणायचे.

"आणि तुमच्या बोलण्याने?"

काका मग पंखा लावायचे.

नवरा कधीच सोडून गेला होता. घरात ती आणि दुसरीतली लेक. "पदरात पोर असताना कसली गाणी!" असं मोठी बहीण उठता बसता ऐकवायची. अशात नाक्यावरच्या हॉटेलला शनिवारी गायला कुणीतरी हवं होतं. जमलं, तर गाण्याला निदान एक हक्काचा दिवस मिळणार होता. नाही जमलं, तर बहीण बरोबर ठरणार होती, आणि ते जास्त वाईट होतं.

हॉटेलमालकांनी आधी एकदा गाऊन दाखवायला बोलावलं. लेकीला ठेवणार कुणाकडे? तीही आली.

गाणं झकास सुरू झालं. गिऱ्हाइकं खाणं विसरली. कीबोर्डवाल्याने डोळे मिटले. हॉटेलमालक डोलू लागले आणि ऐन रंगात ती थांबली. शांत उभी राहिली. समोर बसलेली लेक उठली, तिने नसलेल्या मशीनचा नसलेला खण उघडून त्यात नसलेलं सुगंधी पाणी ओतलं आणि परत जागेवर बसली.

"काय झालं हो?" मालकांनी विचारलं.

"पाणी जातंय," ती म्हणाली. मग भानावर आली.

मालकांनी घाबरून छताकडे पाहिलं. "कुठे?"

"लाँड्रीत." तिने सगळं सांगून टाकलं. आता लपवणार तरी काय?

"मी वाजवू का?" कीबोर्डवाल्याने हळूच विचारलं.

"थांबा ना काका, अजून गेलं नाहीये," लेकीने दटावलं.

त्या शांततेत कोपऱ्यातून एक हात वर झाला. "एक कॉफी." मग दुसरा. "इकडे दोन सूप." वेटरची धावपळ उडाली.

मालक बघतच राहिले. "आधीचे गवई थांबायचेच नाहीत. लोक बिचारे लाजून उपाशी ऐकायचे. दोघं तर घेरी येऊन पडले. एका गाण्यात पाणी किती वेळा जातं?"

"ते कपड्यांवर आहे."

"मळकेच धरून चला. शनिवारी या."

ती "हो" म्हणाली, ते इतकं सुरात आणि इतकं लांबलचक, की कीबोर्डवाल्याने लगेच साथ धरली.