कागदावर न मावलेलं पिल्लू

या, अंमळ जवळ सरकून बसा. डेल्फिनाची गोष्ट सांगतो, आमच्याच ग्वामोते गावची. गोष्ट एवढीशी, पण तिच्यात एका आईचा जीव टांगणीला लागला होता.

तिची लेक सिसा तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. मंगळवारी शहरातल्या दवाखान्यात पोरीची वाढ तपासायची होती. त्याआधी घरी भरायला कागद आला होता. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकटी: हो, कधीकधी, नाही.

'स्वतः चमच्याने जेवते का?' डेल्फिना पेन्सिल चावत बसली. घरात सूप वाडग्याला तोंड लावून प्यायचं, भाजका मका मुठीने खायचा. पोरीच्या हातात चमचा दिला होता कुणी? 'पायऱ्या चढते का?' पायऱ्या फक्त चर्चला. ती सिसाला तिथे घेऊन गेली. पोर रांगत चढली, बसून घसरत उतरली. आता हे 'हो', की 'कधीकधी'? 'बाहुलीला भरवते का?' घरात बाहुलीच नव्हती.

"सगळीकडे हो लिहून टाक," सासू झोइला म्हणाली. "'नाही' लिहिलंस तर पोरीच्या कपाळी शिक्का मारतील."

"आणि 'हो' लिहिलं तर मदत कशाला करतील, सासूबाई?"

"मदत माझ्या टोपलीत आहे!" म्हणत तिने कोंबडीचं पिल्लू काढलं. ओठांशी पिल्लू चिवचिवलं की जीभ सुटते, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या मानतात. "तुझा नवराही असाच बोलायला लागला."

"तरीच अजून नुसती चिवचिव करतो."

झोइलाने ते सिसाच्या ओठांशी धरलं. पिल्लू चिवचिवलं. सिसा गप्प. मग तिने ते हळूच घेतलं, शालीत गुंडाळून पाठीवर टाकलं, आई तिला घेते तस्सं. डुलत डुलत खांद्यावरून त्याला मक्याचा दाणा भरवू लागली.

"बोलली का गं?" झोइलाने विचारलं.

"नाही हो."

एकच प्रश्न उरला होता: 'नावाने हाक मारल्यावर वळते का?'

"सिसा!" डेल्फिनाने हाक मारली. "सिसा! ए बाळ!"

पोर पाठमोरी डुलतच राहिली.

पेन्सिल 'हो'वर घुटमळली. मग डेल्फिनाने 'नाही'वर फुली मारली. बाहुलीच्या प्रश्नाशी, चौकटीबाहेर लिहिलं: 'बाहुली नाही. पिल्लाला पाठीवर घेऊन भरवते.' चौकटीबाहेर लिहिलेलं चालतं का, कुणाला ठाऊक! मंगळवारी बसमध्येही ती तेच स्वतःला विचारत होती.

देवापुढे हात जोडाल, तेव्हा या डेल्फिनाची आठवण ठेवा.