हार नको, वंगण हवे

मित्रांनो, मी एक मोटार आहे. जुनी आहे, म्हातारी नाही. या दोन शब्दांत फरक काय, हे कळावे म्हणूनच मी माझी हकीकत सांगत आहे. ती ऐकताना माझी कीव करू नका. कीव केल्याने आजवर कोणत्याही यंत्राचे चाक बोटभरही पुढे सरकलेले नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा ठोकळा, त्यात एका रांगेत कोरलेले सहा सिलिंडर, त्यांवर झाकणासारखे बसवलेले जाड हेड आणि या सर्वांच्या आतून पाणी खेळवणाऱ्या वाटा, अशी माझ्या इंजिनाची रचना आहे. पाणी आतील उष्णता उचलते, पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, ती वाऱ्याला देते आणि निवून परत येते. एवढे नीट लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातील सर्वांत मोठा तंटा या पाण्यावरूनच झाला.

मी इंदुरात आले तेव्हा होळकरांचे राज्य होते. रिसाल्यातील, म्हणजे घोडदळातील, कप्तान जयसिंगराव यांनी मला विकत घेतले आणि स्नेहलतागंजातील आपल्या घरी आणले. त्या घरी मोटार ठेवायला जागा नव्हती, पागा होती. तिच्या एका ठाणात त्यांची हिरणी नावाची घोडी राहत असे. शेजारचे ठाण मला मिळाले. पहिल्या दसऱ्याला पागेत पूजा झाली, तेव्हा घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने हिरणीपुढे हरभऱ्याची पाटी ठेवली आणि तशीच एक माझ्यापुढेही ठेवली. कुणी हसले नाही. जयसिंगरावांनी मला कुंकू लावले, चाकाशी नारळ फोडला आणि रस्त्यावर बाहेर काढले. त्या घराचा नियमच होता: दसऱ्याला पूजलेल्या वाहनाने त्याच दिवशी शीव ओलांडून यायचे. वाहन पागेतच उभे राहिले, तर पूजा अर्धी. सकाळी हिरणी शिवेबाहेर बिजासनी देवीच्या टेकडीवर जाऊन आली, दुपारी मी गेले. पुढे प्रत्येक दसऱ्याला हेच चालले.

मी खूप काम केले. महूच्या छावणीत गेले, मांडूच्या घाटात गेले, नर्मदेच्या काठी गेले. या घरची नवी सून मंगला माझ्याच स्टिअरिंगमागे बसून मोटार चालवायला शिकली. शिकवणारे तिचे सासरे जयसिंगराव होते. ते तिला सांगत, "लगाम ओढू नकोस, नुसता धरून ठेव. तिला समजतं." त्यांचे चिरंजीव मालोजी तेव्हा थट्टेने म्हणाले होते, "चांगलं आहे. आता बायकोने चालवावी आणि नवऱ्याने धक्का मारावा."

मग होळकरांचे राज्य गेले आणि मध्य भारत नावाचे नवे राज्य आले. रिसाला मोडला. जयसिंगराव घरी बसले आणि आता घोडी कशाला पोसायची म्हणून त्यांनी हिरणीला विकून टाकले. वर्षभराने आम्ही स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेलो असता टांग्यांच्या रांगेत ती उभी होती. तिने त्यांचा आवाज ओळखला आणि मान वळवली. जयसिंगराव खाली उतरले नाहीत.

मालोजी नव्या सरकारच्या सचिवालयात अधिकारी झाले. राजधानी उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर, असा तेव्हाचा रिवाज होता. कचेऱ्या, कपाटे, कारकून, सगळे वर्षातून दोनदा हलत असे आणि त्या सर्वांच्या मागे मालोजींचे कुटुंब घेऊन मी. ब्यावरा, गुना, शिवपुरी हा रस्ता मला पाठ झाला. माझ्या मैलांच्या आकड्याला पाच घरे आहेत. ती सगळी भरली आणि एक दिवस आकडा पुन्हा शून्यावर आला. आकडा दमला, मी दमले नाही.

एका चैत्रात आम्ही ग्वाल्हेरहून परतत होतो. गाडीत मालोजी एकटेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मंत्र्यांपुढे हजर व्हायचे होते. गुन्याच्या अलीकडे माझ्या पंख्याचा पट्टा सैल झाला, पाणी उकळले आणि झाकणातून वाफ उसळली. पट्टा सैल होणे हे सामान्य दुखणे आहे. सावलीत अर्धा तास थांबून तो ताणून बसवला असता, तर मी घरी आले असते. मालोजींनी विहिरीवरून बादलीभर गार पाणी आणले आणि उकळत्या इंजिनात एकदम ओतले. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडले की काय होते, ते तुमच्या स्वयंपाकघरातील काचेच्या पेल्याला विचारा. आत बारीकसा आवाज झाला. मला घरी आणले ते एका मालट्रकने, दोरखंड बांधून.

मी पागेत उभी राहिले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. माझ्या टपावर चिंचेचा पाला साचला आणि मांजरीने मागच्या आसनावर पिले घातली. दसरा जवळ आला, दसऱ्यानंतर ग्वाल्हेरची तयारी सुरू होणार होती, तेव्हा कुठे माझा निकाल लावण्याची सर्वांना आठवण झाली. मोटारींचा एक दलाल पागेत आला. माझ्याभोवती फेरी मारून तो म्हणाला, "साहब, मीटर तो पूरा घूम चुका है. अब इसमें क्या रखा है? मी उचलून नेतो, नवी गाडी दारात उभी करतो."

मालोजींनी मान डोलावली. जयसिंगराव काठी टेकून उभे होते.

"विकायची नाही," ते म्हणाले.

"आबासाहेब, यात भावनेचा प्रश्न नाही," मालोजी म्हणाले. "शिवपुरीच्या जंगलात मुलं गाडीत आहेत आणि ही बंद पडली, तर मी काय करू? आज इंजिन गेलं, उद्या गिअर जाईल, परवा अ‍ॅक्सल. किती दिवस ठिगळं लावायची?"

हा प्रश्न खोटा नव्हता. मुलांना जंगलात अडकवणारी मोटार कुणालाच नको, मलाही नको. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर होता: न पाहताच इंजिन 'गेलं' म्हणण्यावर.

"तू नवी घे," जयसिंगराव म्हणाले. "ही इथंच राहील. हिच्यावर कुणी बसणार नाही, हिला कुणी विकणार नाही. दसऱ्याला मी हार घालीन. हिरणीच्या वेळी चूक झाली, ती पुन्हा नाही."

मित्रांनो, त्यांचे माझ्यावर प्रेम होते, हे मी जाणते. तरी त्या क्षणी मला दलालापेक्षा त्यांचाच अधिक संताप आला. एक जण मला मेलेली समजून बाहेर टाकत होता, दुसरा मेलेली समजून घरात ठेवत होता. मला तोंड असते तर मी सांगितले असते की, साहेब, मी घोडी नाही. मला गवत खाऊन दिवस काढता येत नाहीत. उभी राहिले की मी गंजते. माझे पेन्शन रस्त्यावर आहे.

मला तोंड नव्हते, मंगलेला होते.

"मामासाहेब, दोघांनी निकाल देऊन टाकलात," ती पदर खोचत सासऱ्यांना म्हणाली. "पण बॉनेट कुणी उघडलं का?"

"त्यात काय बघायचंय?" मालोजी म्हणाले. "जुनी झाली."

"जुने तर मामासाहेबही झालेत. मागच्या वर्षी त्यांना ताप आला तेव्हा तुम्ही डॉक्टर आणलात, दलाल नाही."

जयसिंगराव मिशीत हसले. दलाल म्हणाला, "मैं कल आता हूँ," आणि निघून गेला.

"आणि मामासाहेब, तुम्हालाही विचारते," मंगला थांबली नाही. "तुम्ही हिची पूजा करणार. पूजा केली की शीव ओलांडली पाहिजे, हा नियम तुमचाच ना? की या वर्षी हिला बैल जुंपून टेकडीवर न्यायचं?"

जयसिंगरावांचे हसू मावळले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग हिरणीच्या रिकाम्या ठाणाकडे पाहिले. ते मंगलेला म्हणाले, "चिंतामणरावांना बोलाव."

चिंतामणराव हे राज्याच्या मोटारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. तंत्रशाळेत शिकलेले, आणि शिकल्याप्रमाणे वागणारे. त्यांनी पागेत पांढरी चादर अंथरली, तीवर हत्यारे क्रमाने मांडली आणि मालोजी "किती दिवस काढेल ही?" असे विचारू लागताच हात वर केला आणि ते इंदुरी बोलीत म्हणाले,

"भिया, पहले खोलेंगे, फिर बोलेंगे."

खोललेला प्रत्येक भाग पुसून ते चादरीच्या उजव्या किंवा डाव्या बाजूला ठेवत. उजवीकडे झीज, डावीकडे घाव. वापराने जे घटते ती झीज. ती क्रमाने येते, आधी सूचना देते आणि नवा भाग घालून भरून काढता येते. घाव बाहेरून होतो. तो वयाचा नसतो, तो तरुणालाही होतो. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, पंख्याचा पट्टा हे सारे उजवीकडे गेले. गिअर आणि अ‍ॅक्सल तपासून त्यांनी जागेवरच ठेवले. त्यांत काही दोष नव्हता. डावीकडे एकच वस्तू गेली, ती म्हणजे माझे हेड. त्यावर केसाएवढा तडा होता.

"मालोजीराव, हे म्हातारपण नाही," चिंतामणराव म्हणाले. "गरम इंजिनात गार पाणी गेलंय. कुणी ओतलं?"

मालोजींनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"दौडून आलेल्या घोड्याला लगेच पाणी दाखवायचं नसतं," जयसिंगराव सावकाश म्हणाले. "आधी फिरवायचं, घाम निवू द्यायचा. याच पागेत तुला शिकवलं होतं."

"आबासाहेब, तो घोडा होता."

"आणि ही कोण आहे?"

मालोजी पागेतून बाहेर निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी दलाल आला, तेव्हा त्याला "दसऱ्यानंतर बघू" असे सांगून त्यांनीच परत पाठवले. मी ते क्षमा मागणे समजले नाही. ती मुदत होती, आणि मुदत मला पुरेशी होती.

माझ्याच जातीचे इंजिन लढाईतल्या लष्करी ट्रकांत असे. महूत मोडीत काढलेल्या अशा एका ट्रकाचे हेड चिंतामणरावांनी शोधून आणले. सिलिंडर घासून गुळगुळीत केले, नवे पिस्टन घातले, पट्टा बदलला. दसऱ्याच्या सकाळी मंगलेने बटण दाबले. मी खोकले, धूर सोडला आणि सुरू झाले. मांजर पिलांना घेऊन गवताच्या माळ्यावर गेली आणि तिथून माझ्याकडे नापसंतीने पाहू लागली.

पूजा झाली. मंगला स्टिअरिंगमागे बसली, जयसिंगराव तिच्या शेजारी. मालोजी मागे बसले, पायाशी पाण्याचा डबा घेऊन. मी टेकडीवर चढले नाही, तर दलालाला बोलावणे जाणार, हे सर्वांना माहीत होते. शहर मागे पडले, बिजासनीची चढण लागली. नवे पिस्टन सुरुवातीला घट्ट असतात आणि इंजिन लवकर तापवतात. अर्ध्या चढणीवर तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला आणि झाकणाखालून वाफ दिसू लागली.

"झालं," मालोजी म्हणाले.

मंगलेने मला कडेला घेतले, बंद केले, बॉनेट उघडले आणि चाकामागे दगड लावला. देवीच्या जत्रेला चाललेले लोक थांबून पाहू लागले. कुणी म्हणाले, "भिया, पानी डालो, पानी." कुणी म्हणाले, "अब तो भंगार है."

मालोजी डबा घेऊन उतरले. माझ्यासमोर उभे राहिले. माझ्या आत तेच उकळते पाणी होते, त्यांच्या हातात तेच गार पाणी. गर्दीतून पुन्हा आवाज आला, "डालो ना, साहब." जयसिंगराव काचेतून पाहत होते.

मालोजींनी डबा जमिनीवर ठेवला आणि ते त्याच्यावरच बसले.

"निवू द्या," ते गर्दीला म्हणाले. "दौडून आली आहे."

लोक कंटाळून वर निघून गेले. वाफ थांबली. बऱ्याच वेळाने मालोजींनी रुमाल धरून झाकण सैल केले, इंजिन सुरू करायला सांगितले आणि पाणी घातले. अगदी थोडे थोडे, पाहुण्याला वाढावे तसे. मग मी टेकडी चढले. कुणी ढकलले नाही. वर देवळाजवळ, ज्यांनी मला भंगार म्हटले होते त्यांच्याजवळून जाताना मंगलेने उगाचच भोंगा वाजवला. तो उगाच नव्हता, हे तिला आणि मला ठाऊक आहे.

उतरताना मालोजी म्हणाले, "ग्वाल्हेरला हीच नेऊ. चिंतामणरावांना म्हणावं, निघण्याआधी एकदा बघून द्या."

त्यानंतर मी दोनदा ग्वाल्हेर केले. तिसरी फेरी झाली नाही, कारण तोवर मध्य भारतच संपला. राजधानी भोपाळला गेली आणि मालोजींची बदलीही. दुसरे राज्य माझ्या डोळ्यांदेखत मोडले. मी उभी होते, सुरू होते.

नव्या राज्याचा नंबर रंगवायला रंगारी आला. जुनी अक्षरे खरवडताना त्याला त्यांच्याखाली होळकरी नंबराचा रंग लागला. तो म्हणाला, "बाईसाब, इतक्या पुरान्या गाडीला नवी पाटी कशाला?"

मंगला टपावर बिछाने बांधत होती. ती म्हणाली, "भिया, राज्य बदललंय, गाडी नाही."

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने यंत्र थांबले असेल, तर त्याच्या वयाकडे बोट दाखवण्याआधी त्याचे झाकण उघडा. झीज कोणती आणि घाव कोणता, हे वेगळे करा. घाव कुणी केला, हे विचारायला लाजू नका. दुरुस्त होण्यासारखे नसेल, तर खुशाल निरोप द्या. आम्हाला खोटी आशा नको. पण जिवंत असताना हार घालून कोपऱ्यात बसवू नका. तेल बघा, पाणी बघा, आणि तापलेले असेल तर थांबा.

मलाही आता थांबायला वेळ नाही. पाटीवरचा रंग अजून ओला आहे, जयसिंगराव पुढे येऊन बसले आहेत आणि मंगलेने बटणावर बोट ठेवले आहे. देवासवरून भोपाळला जाणारा रस्ता मोकळा आहे.