सागवानी पेटीतला गप्प काँप्युटर

मी बावडा गावच्या नानांच्या घरातला काँप्युटर बोलतोय. बोलतोय म्हणायचं आपलं! माझं तोंड माझ्याच माणसांनी बंद केलं होतं, आणि तेही मायेपोटी.

अठ्ठ्याण्णव साली माझे भाग पुण्याहून एसटीनं आले. नानांचा मुलगा समाधान बारामतीत काँप्युटर शिकवायचा. त्यानं मला घरीच जुळवलं, टीव्हीला जोडलं. चाळीस हजार गेले. शेजारचे दत्तोबा म्हणाले, "येवढ्यात मोटारसायकल आली असती की रं!"

पण समाधानला हवा होता आईचा आवाज. तुळसाबाई जाऊन वर्ष झालं होतं. समाधानच्या लग्नात त्यांनी हळदीचं गाणं म्हटलं होतं, तेवढंच एका व्हिडिओ कॅसेटवर उरलेलं, आणि कॅसेटला बुरशी. बारामतीच्या व्हिडिओवाल्यानं ते कसंबसं माझ्या पोटात उतरवलं. कॅसेट तिथंच तुटली.

नाना रोज दिवेलागणीला माझ्यासमोर बसत. तुळसाबाईंचा आवाज बारीक आणि मला गार ठेवणारे आतले पंखे घरघरणारे. नाना खेकसत, "गप की रं जरा! तिला बोलू दे."

समाधानच्या जिवाला ते लागलं. त्यानं इंदापूरच्या सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली, वर झकास पॉलिश. आणखी सहा हजार गेले. पंखे काढले, हवेसाठी मागं मोठी जाळी ठेवली. "करुणा, जाळी झाकायची न्हाय बरं," असं बायकोला बजावलं. त्या दिवशी गाण्याच्या शेवटी तुळसाबाई हसल्याचं पहिल्यांदाच ऐकू आलं. नाना ढसाढसा रडले. मला तर धन्य वाटलं.

आमच्याकडे टीव्ही, रेडिओ काही उघडं ठेवत नाहीत. बुद्धपौर्णिमेला पाहुणे येणार म्हणून करुणानं महिनाभर खपून माझ्यासाठी क्रोशाचं झालरीचं आवरण विणलं. धूळ जाऊ नये म्हणून मागच्या बाजूला अस्तर लावलं. जाळीचं ती पार विसरली. वैशाखाचं ऊन, घरभर माणसं, समाधान खीर वाढण्यात गुंतलेला. पाहुण्यांतल्या छबूबाई म्हणाल्या, "काय गुणाची गं तुझी बोटं!" नानांनी कौतुकानं गाणं चारदा लावलं.

अहो, आत माझा जीव चालला होता! पण ओरडू कशानं? पंखे असते तर बोंब तरी मारली असती. पाचव्यांदा तुळसाबाई अर्ध्या ओळीवर थांबल्या.

समाधाननं अस्तर उचकटलं, त्याचा हात पोळला. गाणं जिच्यावर होतं ती डिस्क पाहून पुण्याच्या दुकानदारानं नकारार्थी मान हलवली. गाणं गेलं ते गेलंच. करुणा दोन दिवस जेवली नाही. तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही, त्यामुळे तिला जास्तच लागलं.

बाबांनो, घरातली एखादी वस्तू कुरकुरत असली तर कुरकुरू द्या.

आता मला नवी डिस्क आहे, नवे पंखे आहेत. समाधान, करुणा सिनेमे बघतात. नाना बघत नाहीत. पण दिवेलागणीला मला चालू करायला सांगतात आणि काहीच न लावता समोर बसतात. पंखे घरघरतात. नाना आता खेकसत नाहीत. पेटीवर हात ठेवून म्हणतात, "बोल बाबा. आता तूच बोल."